पिढीला एक वीत

दगडमोह्याच्या लोकांनी त्या काळ्या तंबूविषयीची आपापली मतं पहिल्या दोन दिवसांतच पक्की करून टाकली होती. कोणी म्हणे आत सोनं शोधतात, कोणी म्हणे कोळसा. शाळेतल्या पोरांचं म्हणणं, आत फोटो धुतात. आता फोटो धुणं म्हणजे काय हे त्यांनाही आजोबांकडून ऐकूनच ठाऊक. तंबूत खरोखर होतं ते ट्रंकेएवढं एक यंत्र, एक मिणमिणता तांबडा दिवा आणि घामानं निथळणारी दोन माणसं. एक डॉ. उन्मेष पळसुले, यंत्र ज्यांनी बनवलं ते, आणि दुसरी त्यांची सहकारी प्रणाली नेवारे. प्रणाली मूळची याच गावची, पण तीन वर्षांची असताना आईबाबांसोबत नागपूरला गेलेली. गावात तिचा एक सख्खा काका होता आणि तो आठवडाभरात एकदाही तिच्याकडे फिरकला नव्हता. बाबा आणि काका तीसेक वर्षं बोलत नाहीत, एवढं तिला माहीत होतं. भावाभावांत भांडण म्हणजे शेताच्या धुऱ्याबांधावरून असणार, असं गृहीत धरून तिनं कधी खोलात विचारलं नव्हतं.

तंबू काळा असणं भागच होतं. गारगोटीच्या वाळूला एक विचित्र खोड असते. तिचा कण जमिनीखाली अंधारात गाडला गेला की भोवतालच्या मातीतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची ऊर्जा तो थोडी थोडी साठवत बसतो. त्याच्या स्फटिकातल्या बारीक दोषांमध्ये इलेक्ट्रॉन अडकतात, वर्षं जातील तसतसे वाढत जातात. मात्र त्याला एकदा ऊन दिसलं की सगळा साठा रिकामा होतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्यामुळे अंधारातून अलगद काढलेल्या कणावर लेझर टाकला, तर साठवलेली ऊर्जा तो मंद प्रकाशाच्या रूपानं सोडून देतो, आणि त्या प्रकाशावरून त्यानं शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. युक्ती तशी जुनी. पण पूर्वी दोन हजार वर्षांच्या वयात शे-दीडशे वर्षं इकडची तिकडं व्हायची. पळसुल्यांचं यंत्र एकेक कण सुटा वाचायचं आणि त्याच्या शेजारच्या मातीचा किरणोत्सर्गही जागेवरच मोजायचं. चूक दोन-तीन वर्षांवर आली होती, आणि त्या दोन-तीन वर्षांचंही पळसुल्यांना वाईट वाटायचं.

ज्या दगडासाठी हा खटाटोप चालला होता तो होता छातीएवढ्या उंचीचा, काळा, ओबडधोबड. विदर्भात लोहयुगातल्या लोकांनी पुरलेल्या माणसांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं पुष्कळ सापडतात. दगडमोह्यालाही तसं एक होतं. वर्तुळाच्या मध्यभागी बसायला होईल असा एक सपाट दगड, आणि तिथून पूर्वेला हाकेच्या अंतरावर हा एकटाच उभा. गाव त्याला ‘बुढा’ म्हणे. कार्तिकात दिवेलागणीनंतर सपाट दगडावर बसून पाहिलं तर कृत्तिकांचा पुंजका या बुढ्याच्या डोक्यावर उगवताना दिसतो. कृत्तिकांना गावात ‘झुमका’ म्हणत. शेजारची कोळशाची खाण आता हे शेत मागत होती, आणि वारसा समितीची सुनावणी चार दिवसांवर आली होती. बुढा प्राचीन आणि मूळ जागी आहे असं सिद्ध झालं तर खाणीला वळसा घ्यावा लागणार होता. नाहीतर बुढा, वर्तुळ आणि त्याखाली झोपलेली माणसं एकदमच खड्ड्यात जाणार होती.

बुढा प्राचीन निघाला, पण मूळ जागी काही निघेना.

त्याच्या पायाशी एक खड्डा सापडायला हवा होता, तिथं एकात एक घुसलेल्या खड्ड्यांची रांगच निघाली. दक्षिणेकडून उत्तरेकडे, वीसेक मीटर लांब. प्रत्येक खड्डा बुजवताना वरची उन्हातली माती आत गेली होती आणि तिथंच अंधारात बंद झाली होती. पहिल्या खड्ड्यातल्या कणांचं वय निघालं साधारण सत्तावीसशे वर्षं. त्याच्या पुढचा तीस वर्षांनी लहान, त्याच्या पुढचा आणखी पंचवीस-तीस वर्षांनी. प्रत्येक वेळी दगड सरकला होता तो एक वीतभर.

“पिढीला एक वीत,” पळसुले तांबड्या उजेडात स्वतःशीच पुटपुटले.

दोघांनाही एकदमच उमगलं. पृथ्वीचा आस फिरत्या भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. एक फेरा पुरा व्हायला सव्वीस हजार वर्षं लागतात. त्यामुळे तारे क्षितिजावर उगवण्याची जागा कायमची नसते. कृत्तिकांची जागा गेली कित्येक शतकं उत्तरेकडे सरकत आली आहे. फरक इतका बारीक की एका माणसाच्या आयुष्यात जाणवणंही कठीण. पण लांबवरच्या दगडावर नजर रोखून पाहिलं तर पिढीभरात तो वीतभर भरतो. दगडमोह्याच्या माणसांनी ज्या आभाळाला दगड लावला ते आभाळ त्यांच्या डोळ्यांदेखत निसटत होतं, आणि दर पिढीला कोणीतरी पहार घेऊन दगड त्याच्या मागे नेत होतं. भाषा बदलल्या, देव बदलले, राज्यं आली नि गेली, हे काम चालूच राहिलं. मधे एकदा जवळजवळ शंभर वर्षं कोणी हात लावला नव्हता, दुष्काळ असेल नाहीतर लढाई. आणि मग कोणीतरी एकदम तीन विती सरकवून सगळी थकबाकी भरून काढली होती. तो माणूस कोण असेल, याचा विचार प्रणाली तंबू आवरेपर्यंत करत राहिली. जगात इतक्या ठिकाणी लोकांनी आभाळाकडे तोंड करून दगड रचले आणि ते काम झालं म्हणून निघून गेले. इथलं काम झालंच नव्हतं.

तिचा हा आनंद एक दिवस टिकला.

रांगेच्या उत्तर टोकाला, जिथं बुढा आज असायला हवा होता, तिथं तो नव्हता. तिथला खड्डा बुजवलेला होता आणि बुढा चार विती मागे, दक्षिणेला उभा होता. म्हणजे शेवटच्या माणसानं दगड उलटा नेला होता. त्या शेवटच्या बुजवलेल्या खड्ड्यातल्या कणांचं वय यंत्रानं सांगितलं एकतीस वर्षं. प्रणालीनं तीनदा वाचलं, तीनदा तेच.

समितीचा नियम पळसुल्यांना तोंडपाठ होता. गेल्या पन्नास वर्षांत जागेवरून हलवलेल्या वास्तूला संरक्षण मिळत नाही. हा नियम केला होता पूर्वी लबाडीनं उभी केलेली बनावट स्मारकं रोखायला, आणि चांगल्या हेतूनंच केला होता. पण नियमाला हेतू विचारता येत नाही. पळसुले म्हणाले, की उंदीर-घुशी वरची माती खाली नेतात, असा मिसळलेला नमुना बाद करायची पद्धत आहेच. शेवटचा खड्डा बाद केला तर कोणी प्रश्न विचारणार नाही. दगडाचं सरकणं पन्नास वर्षांपूर्वीच थांबलं असं दिसेल, आणि तितक्या जुन्या सरकण्याला नियमाची हरकत नाही. सही मात्र जागेवरची संशोधक म्हणून प्रणालीची हवी होती.

“सर, तो नमुना मिसळलेला नाही,” ती म्हणाली.

“मला माहीत आहे,” पळसुले म्हणाले. “म्हणूनच तुला विचारतोय. मीच सही करणार असतो तर विचारलंही नसतं.”

संध्याकाळी ती नागपूरला घरी गेली. तिचे बाबा, श्रावण नेवारे, गॅलरीत शेंगा सोलत बसले होते. सत्तरीचा माणूस, मितभाषी. शहरात तीस वर्षं काढूनही कुणाच्या घरी पाहुणा आल्यासारखाच वावरणारा. प्रणालीनं आडपडदा न ठेवता विचारलं, की बाबा, गावचा बुढा एकतीस वर्षांपूर्वी कोणी हलवला असेल?

त्यांनी शेंग खाली ठेवली. “मीच सरकवला. दुसरं कोन सरकवीन?”

मग ते बोलत सुटले. इतकं बोलताना तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बुढा सरकवणं हे नेवाऱ्यांच्या घराकडे चालत आलेलं. बाप थकला की थोरल्यानं सपाट दगडावर बसायचं, धाकट्यानं कंदील घेऊन बुढ्यापाशी उभं राहायचं. झुमका उगवताना बसलेल्यानं हाका मारायच्या, उभ्यानं तसं सरकायचं. कंदील झुमक्याच्या बरोबर खाली आला की ती जागा. सकाळी गावातले दहा-बारा गडी दोर आणि पहारी घेऊन यायचे. सरकवायचं का, हे कोणाला ठाऊक नव्हतं. बुढ्यालाही पाय मोकळे करावे लागतात, असं आजी सांगायची. एवढंच ठरलेलं, की तो नेहमी उत्तरेकडे जातो. आणि श्रावणाची पाळी आली तेव्हा झुमका दिसला दक्षिणेला. धाकटा वासुदेव तिकडून ओरडत होता, दादा, डोये उघडून नीट पाय, उलटं सांगून रायला तू. श्रावणानं चार-पाच रात्री पुन्हा पाहिलं. तिथंच दिसला. तिथंच त्यानं दगड रोवला.

त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या. मग ढोरांत रोग आला. पुढच्या वर्षी वासुदेवाचा तान्हा मुलगा तापानं गेला. बुढा उलटा नेला म्हणून हे झालं, असं गाव म्हणायला लागलं, आणि सगळ्यांत आधी म्हणाला तो सख्खा भाऊ. श्रावण बायको-मुलीला घेऊन गाव सोडून निघाला तो निघालाच.

“माये डोये खराब असतीन,” बाबा म्हणाले. “पन म्या जिथं पायला तिथंच ठेवला पोरी. पायलं एक अन् ठेवलं दुसरीकडं, असं नाई केलं.”

प्रणालीनं त्या रात्रीच हिशेब मांडला, आणि तो इतका सोपा होता की तिला स्वतःचाच राग आला. खाण सुरू झाली ती बाबांच्या तरुणपणी. कोळशाच्या वरची माती उपसून खाणीनं पूर्वेला ढिगारा घातला होता. पाच-सहा वर्षांत तो डोंगराएवढा झाला. आपल्याकडे तारे सरळ वर चढत नाहीत. तिरपे, दक्षिणेकडे कलत वर येतात. समोरचं क्षितिज उंच झालं की तारा दिसतो उशिरा, आणि तोवर तो दक्षिणेला सरकलेला असतो. त्या ढिगाऱ्याची तेव्हाची उंची जुन्या उपग्रहचित्रांतून काढून तिनं गणित केलं. उत्तर आलं चार विती, दोन बोटं कमी.

बाबांचे डोळे तेव्हा धडधाकट होते. विहिरीही त्याच खाणीनं उपसल्या होत्या.

सकाळी तिनं हे चहा घेता घेता कागदावर आकृती काढून समजावलं. श्रावणानं आकृती लांब धरून पाहिली, जवळ आणून पाहिली. मग कप तसाच ठेवून ते मोरीत गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा तिला ओळखू येईना, इतका तो हलका झाला होता. तिला वाटलं, आता काहीही होवो, हे कागदावर येणारच. तिनं नियमाची गोष्टही सांगून टाकली. खरं लिहिलं तर बुढा जाईल, खोटं लिहिलं तर तुम्ही कधी तिथं होतात याचा मागमूस राहणार नाही, आणि मी खोटं लिहिणार नाही.

बाबांनी आकृतीच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “मले काढून टाक.”

ती चिडली. तीस वर्षं ज्यापायी तुम्ही मान खाली घालून जगलात त्याचा पुरावा आज हातात आहे, आणि तुम्हीच तो फेकायला सांगता, असं बरंच काहीबाही बोलली. ते ऐकून घेत राहिले.

“मी बरोबर व्हतो हे तुले मालूम झालं नं,” ते शेवटी म्हणाले. “मले पुरे हाय तेवढं. बुढ्याले जाऊ नको देऊ.”

सुनावणी वर्तुळापाशीच झाली, मंडप घालून. समितीच्या तीन माणसांसमोर सगळं गाव बसलं होतं. श्रावणही आला होता, तीस वर्षांनी, आणि कोणी त्याच्यासाठी जागा केली नाही म्हणून मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. खाणीच्या वकिलाला रांगेच्या टोकाची शंका आलीच होती. त्यानं गावकऱ्यांना उद्देशून विचारलं, की तुमच्या आठवणीत हा दगड कोणी हलवला आहे का?

याच प्रश्नाच्या उत्तरापायी त्यांनी एका घराला गावाबाहेर काढलं होतं. आता हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बोट दाखवायचा अवकाश होता. सगळ्यांच्या माना वासुदेवाकडे वळल्या. प्रणालीचा काका उठला. तिच्या बाबांसारखाच बांधा, बाबांसारखेच कान.

“नाई साहेब,” तो म्हणाला. “आमच्या आज्या-पंज्यापासून जिथल्या तिथंच हाय.”

मग एकेक जण तेच म्हणाला. म्हाताऱ्या बायकाही म्हणाल्या. वकिलानं नावानिशी श्रावणालाच गाठलं, तुम्ही नेवाऱ्यांपैकी थोरले ना, तुम्ही काय सांगता? श्रावणानं एकदा बुढ्याकडे पाहिलं.

“मी कायले हात लावू? देव हाय तो आमचा.”

कालच जे एक बरोबर केलेलं काम त्याला परत मिळालं होतं, ते त्यानं भर मंडपात सोडून दिलं. प्रणालीला हे बघवेना. समितीच्या अध्यक्षबाई तिच्याकडे वळून म्हणाल्या, यंत्र काय म्हणतं? तिच्यासमोर दोन आराखडे होते. एकात शेवटचा खड्डा होता, दुसऱ्यात नव्हता. ती शास्त्रज्ञ होती आणि वाळूचा एक कणही तिनं आजवर सोयीसाठी बाद केलेला नव्हता. पळसुले शेजारी बसून जमिनीकडे बघत होते.

“टोकाचा नमुना मिसळलेला आहे,” ती म्हणाली. “तो धरता येणार नाही.”

तिनं सही केली. नंतर कित्येक महिने त्या सहीची आठवण झाली की तिला जेवण जात नसे.

त्याच दुपारी ती काकाच्या घरी गेली. बुढा आता वाचणार होता, आणि एवढं खोटं बोलल्यावर एका तरी माणसाला खरं सांगितल्याशिवाय तिला गावाबाहेर पडवेना. काकू तिला ओळखून पाणी घेऊन आली. प्रणालीनं वासुदेवाला ढिगारा दाखवला, तो दारातूनच दिसत होता, आणि कागदावर तीच आकृती पुन्हा काढली. काका आकृतीकडे पाहत नव्हता. तो ढिगाऱ्याकडेच पाहत होता.

“म्हनजे झुमका खरंच तिथं व्हता?” त्यानं विचारलं.

“होता काका. बाबांना दिसला तिथंच होता.”

“मी कंदील घेऊन उभा व्हतो. म्या मागं वळून आभायाकडं पायलंच नाई,” वासुदेव म्हणाला. “मी फक्त दादाले शिव्या देल्ल्या.” आणि तो म्हातारा माणूस बायकोसमोर, पुतणीसमोर, आपल्या गेलेल्या तान्ह्याचं नाव घेऊन रडायला लागला. इतकी वर्षं त्या मरणाला त्यानं भावाचं नाव लावलं होतं. आता ते कोणाच्या नावावर टाकायचं, हे त्याला कळत नव्हतं.

बुढ्याला संरक्षण मिळालं. खाणीनं वळसा घेतला. वर्षभरात बुढ्याभोवती जाळीचं कुंपण आलं, पायाशी सिमेंटचा भरभक्कम ओटा आला, आणि पाटी आली : ‘प्राचीन उभी शिळा. मूळ स्थानी. हलविणे किंवा स्पर्श करणे दंडनीय.’ पाटीवरचा मजकूर प्रणालीच्या अहवालातून घेतलेला होता. पळसुले ती वाचून कसनुसं हसले. सत्तावीसशे वर्षं जे दगडाला कोणी करू शकलं नव्हतं ते आपण करून दाखवलं, म्हणाले, त्याला थांबवलं.

कार्तिकात वासुदेवाचा फोन आला. त्यानं भावाला बोलावलं होतं. म्हणाला, की आभाळ साफ हाय.

दिवेलागणीला तिघं वर्तुळात पोचली. श्रावण सपाट दगडावर बसला. वासुदेव टॉर्च घेऊन कुंपणाशी, बुढ्याच्या शक्य तितक्या जवळ जाऊन उभा राहिला. ढिगारा गेल्या तीस वर्षांत आणखी वाढला होता. झुमका त्याच्या कडेवर उगवला तो बुढ्याच्या पार उजवीकडे, दक्षिणेला. प्रणालीला आकडा आधीच ठाऊक होता, तरी तिनं डोळ्यांनी पुन्हा एकदा अंतर जोखलं. दगड आणि तारे यांची ताटातूट झाली होती, आणि दगडाचे पाय तिच्या सहीनं बांधलेले होते.

श्रावण हाक मारेना. वासुदेवानंच तिकडून विचारलं, “कुठं हाय दादा?”

“उजवीकडं. दोन हात.”

वासुदेव आता बुढ्याकडे पाठ करून आभाळाकडे तोंड करून उभा होता. त्यानं मान उंचावून झुमका नीट पाहून घेतला. मग वळला, कुंपणावर एकदा थाप मारून पाहिली, जाळी खणखणली. बुढा काही येणार नव्हता.

“बराबर हाय तुहं,” त्यानं ओरडून सांगितलं. “बुढा नाई येत आता. तू सरक.”

श्रावण गोंधळला. मग सपाट दगडावरून उठला आणि डावीकडे, उत्तरेला, एक पाऊल गेला. बुढ्याचं डोकं झुमक्याकडे किंचित सरकल्यासारखं दिसलं. “आला नसन त अजून सरक,” वासुदेव म्हणाला. श्रावण आणखी सरकला. शाळेपासून प्रणालीनं किती रेषा काढल्या असतील, रेषेला दोन टोकं असतात हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती; पण दगडाकडचं टोक सिमेंटमध्ये गेल्यापासून दुसरं टोक मोकळं आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कायद्यानं दगडाला हलायची बंदी केली होती. माणसानं कुठं उभं राहायचं याविषयी पाटीवर अक्षरही नव्हतं.

“बस,” श्रावण म्हणाला. त्याचे पाय गवतात, सपाट दगडापासून दोन हातांवर होते.

इथं खड्डा खणलेला नव्हता, माती बुजवलेली नव्हती, अंधारात एक कणही बंद झाला नव्हता. हजार वर्षांनी कोणी यंत्र घेऊन आलंच, तर त्याला सिमेंटपर्यंतची रांग सापडेल, आणि दगडमोह्याची माणसं तिथून पुढं आभाळ बघायची विसरली असं तो लिहील. त्याला सांगायला माणसंच लागतील. हे लक्षात आल्यावर प्रणालीला पहिल्यांदाच भीती वाटली, कारण नेवाऱ्यांच्या घरात पुढची तीच होती.

“ये इकडं,” बाबांनी तिला बोलावलं आणि ते बाजूला झाले. “माह्या पायावर पाय ठेव, मंग झुमक्याकडं पाय.”

ती त्यांच्या पावलांच्या जागी उभी राहिली. काकानं टॉर्च उंच धरला. त्याचा उजेड मधे येत होता म्हणून तिनं त्याला जरा डावीकडे व्हायला सांगितलं, तसा तो झाला, आणि झुमका बुढ्याच्या डोक्यावर दिसला.